घोंगडी पायांवर, खाज नाकाला

उमापूर,
मंगळवार, ३ डिसेंबर २०२४

बबे,

पोरगी झाली! आपल्या घरात पोरगी झाली! जीवननं तुला फोनवर सांगितलं आसंल, पर त्याचं सांगणं म्हंजे काय, "झाली, दोघी बऱ्या हायत." बाजारात बोकड इकला तरी ह्याच्यापरीस जास्त बोलतो तुझा भाऊ. म्हणून मी लिहिती. घरचा फोन तुझा बाप मेंढरामागं घेऊन गेलाय, आणि जीवनच्या फोनवरून बोलावं तर त्यो शेजारी कान लावून बसतो. कागदाला कान नसतेत. रात्रीच्या शाळेत बाराखडी शिकले ती आता कामाला आली. अक्षर वाकडं आसंल तर मान वाकडी करून वाच.

लेकरू पोटात पायाळू बसलं हुतं, म्हणून बीडच्या दवाखान्यात परवा सकाळीच सिझर केलं. मी आळीतल्या नाथाच्या जीपमधून पोचले तवर पोरगी बाहेर आलती. काय सांगू तुला तिचं रूप! नाक म्हाळूचं, तुझ्या बापाचं. कपाळ तुझ्या मायचं. माय आसती तुझी तर नाचली आसती. आणि रडणं माझं. आख्खा दवाखाना दणाणला. नर्स म्हणली, "आजी, ही मेंढरं हाकणार." म्या म्हणलं, "का गं, हिची आत्या डॉक्टरीण हाय, भूल देती भूल!" समदे माझ्याकडं बघाया लागले. मी पदर सारखा केला.

आता राग ऐक.

तुला ठाव हाय, आपल्यात पहिलं लेकरू झालं की आजीनं नवी घोंगडी न्यायची. आधी पाळण्यात घोंगडी, मंग लेकरू, मंग आत्यानं नाव ठेवायचं. घोंगडीवर न निजलेलं लेकरू आपल्यात घरचं धरत न्हाईत. लोकर आपल्या काळ्या मेंढीची, सूत माझ्या हातचं, विणली सिदूनं. बोटं धरून आली माझी. ती घेऊन गेले. जीवनच्या ऋतुजाला सिझरमधून भायेर आणली तर थडथड उडत हुती थंडीनं. म्या घोंगडी उलगडून तिच्या पायांवर घातली. गप झाली बिचारी.

दुपारी तिला खाज सुटली. नाक खाजवतीया, गाल खाजवतीया, मान खाजवतीया. झालं! तिची माय, ती छबुबाई, उठली आणि माझी घोंगडी ओढून भायेर वऱ्हांड्यात फेकली. लोक चपला घालून जातेत तिथं! म्हणली, "मेंढराच्या पिसवा भरल्यात हिच्यात, माझ्या लेकीला खाऊन टाकलं." तिच्या बापानं मेंढरं इकून मळा केला, तवापासनं हिला मेंढराचा वास यायला लागलाय. मी उचलाया वाकले तर तिनंच उचलून पिशवीत कोंबली. "घरी नेऊन जाळते. आणि तुमच्याशी परत बोलले तर माझ्या जिभंला किडे पडतील."

जीवन? त्यो चहा आणायला गेला. दोघींचं जुंपलं की त्याला चहाच सुचतो. म्हणतो, "जाऊ दे की आज्जे, एका घोंगडीपायी कावून डोकं तापवती?"

आता छबुबाई म्हणती, सव्वा महिन्यानं बारसं तिच्या दारात, घोंगडीबिगर. आणि मेंढराच्या घरात लेक धाडायची का न्हाई ते ती मागून बघंल. म्हंजे माझी पणती माझ्या उंबऱ्यात कवा येणार? मी काय मरायच्या आधी तिला फोटूतच बघू?

तू भूल देणारी. कागदावर लिहून दे, घोंगडीनं खाज सुटत न्हाई म्हणून. इंग्रजीत लिही. तिला वाचता येणार न्हाई, पर भ्या वाटंल.

एक राहिलंच. तिथली एक नर्स सारखी येऊन ऋतुजाचा श्वास मोजत बसायची. पोरीचा डोळा लागला की आलीच. काय मेलं मोजायचं त्यात?

तुझी आज्जी,
साखराबाई


वसतिगृह,
८ डिसेंबर

आज्जे,

आत्या झाले! पत्र वाचून इतकी मोठ्यानं हसले की खोलीतली मैत्रीण उठून बसली. मग वऱ्हांड्यात पडलेली घोंगडी डोळ्यांपुढं आली आणि हसू गेलं.

इंग्रजी कागद देत नाही. खरं काय ते सांगते.

कमरेत सुई देतात ना, तिच्यातल्या औषधानं पोटापासून पायांपर्यंत बधिर होतं. नुसतं तेच औषध दिलं तर दोन-तीन तासांत उतरतं आणि मग टाक्यांची कळ सुरू होते. म्हणून काही ठिकाणी त्याच सुईतून आणखी एक औषध देतात, अगदी थेंबाएवढं. तू मेंढरांच्या वाड्याला दोन कुत्री ठेवतेस ना? एक धिप्पाड, पण लवकर झोपणारं. दुसरं बारकं, पण पार उजाडेपर्यंत जागं. तसंच. पहिलं औषध झोपलं तरी दुसरं दुखण्याला आत येऊ देत नाही.

पण त्या बारक्या कुत्र्याला भुंकायची खोड असते. ह्या औषधाची खोड म्हणजे खाज. ती बहुतेक नाकाला, तोंडाला सुटते आणि एका दिवसात आपोआप जाते. तुझ्या घोंगडीचा काहीच संबंध नाही. थंडीसुद्धा त्या सुईनंच वाजते.

औषधाचं नाव अवघड आहे, ते राहू दे.

तिथं भूल देणाऱ्या सत्यशीला मॅडमना मी फोन केला. माझ्याच कॉलेजच्या, मला सीनियर. त्या म्हणाल्या, "खाज सुटेल, घाबरू नका, असं दाराशी उभ्या असलेल्या नातेवाइकाला मी स्वतः सांगितलं होतं." कोण होतं ते त्यांना आठवेना.

आता भांडण मिटव. बारशाला मी सुट्टी काढून येणारच. नाव ठेवायचा मान माझा आहे, तो मी कुणाला देणार नाही.

तुझी,
बबिता


उमापूर,
११ डिसेंबर

छबुबाई,

तुमच्याशी बोलायचं न्हाई हे तुमी ठरवलं. मी बी बोलत न्हाई. हे लिहिणं हाय.

माझ्या नातीनं समदं कळवलंय. खाज सुईतल्या औषधानं सुटली. आता मला सांगा, घोंगडी कुठं हुती? पायांवर. पाय कसे हुते? बधिर. चिमटा काढला तरी पोरीला कळत नव्हता. मंग घोंगडी टोचली ती कशी कळली वो? आणि खाजवत हुती काय? नाक! घोंगडी पायांवर, खाज नाकाला. तुमच्या घरी दूध उतू गेलं की शेजारणीचा हात भाजतो का?

आणि पुढं ऐका. डॉक्टरीणबाईनं दाराशी उभ्या नातेवाइकाला सांगितलतं, खाज सुटंल, भिऊ नका. दाराशी कोण हुतं? मी तर जीपमध्ये हुते. म्हंजे तुमीच. तुमाला समदं ठाव हुतं. तरी चार लोकांत माझी घोंगडी फेकली. माझ्या मेंढराला पिसवा लावल्या. जनाची न्हाई तर मनाची तरी वाटायची हुती.

घोंगडी नाथाच्या हातून धाडून द्या. झटकून धाडा, दवाखान्याच्या वऱ्हांड्याची धूळ आमाला नको. आणि पणतीच्या अंगाला तेल लावताना टाळूवर जास्त घाला. तिचं डोकं मोठं हाय, माझ्यावर गेलंय.

साखराबाई


कपिलधारजवळून,
१५ डिसेंबर

साखराबाई,

तुमचं पत्र नाथानं आणून दिलं. त्याला चहा पाजला. तुम्हाला पाजला नसता.

मी दाराशी नव्हते. लेकीला आत नेलं तसं मी मारुतीपुढं बसले ते लेकराचं रडणं ऐकूनच उठले. माझी एकुलती लेक आहे. तिचं पोट फाडत असताना मी दाराशी उभी राहून गप्पा मारीन का? कुणीही मला काही सांगितलं नाही. वाकडं बोलायच्या आधी देवाला तरी भ्यायचं.

आता माझं ऐका. टाके दाखवायला बीडला गेलो तेव्हा मी नर्सला विचारलं, सुईतून काय घातलं होतं? ती म्हणाली, मॉर्फिन. म्हटलं, ते काय असतं? म्हणाली, अफूपासून काढतात.

अफू, साखराबाई! माझ्या बाळंत लेकीच्या पाठीत अफू घातली, आणि तुमची डॉक्टर नात ते तुम्हाला कळवते ते काय, तर नाथानं सांगितली ती कुत्र्याची गोष्ट? तिला माहीत नव्हतं असं तुम्ही छातीवर हात ठेवून सांगा. ती त्याच धंद्यातली आहे. कावळे सगळे एका झाडावरचे.

तुमची घोंगडी मी चुलीत घातली. जळताना असा वास सुटला की शेजारचे विचारायला आले.

माझी लेक आणि नात इथंच राहतील. अफूला औषध म्हणणाऱ्या घरात मी पाठवणार नाही. जीवनला वाटलं तर त्यानं इथं यावं, मळ्यात पुष्कळ काम आहे.

आणि तेल मला शिकवू नका. टाळू रोज भरते.

छबुबाई


उमापूर,
१८ डिसेंबर

बबिता,

छबुबाईनं घोंगडी जाळली. ते मी सोसलं आसतं. दुसरी विणली आसती.

पर तू मला नाव कावून सांगितलं न्हाई? "नाव अवघड हाय, ऱ्हाऊ दे." अफू म्हणायला काय अवघड हाय गं? दोन अक्षरं. मला दुसऱ्या-तिसऱ्या धड्याला लिहिता आली आसती.

तुला ठाव हाय. तुझ्या मायनं तुला सांगितलतं, जीवनला सांगितलतं. तरी मी आज लिहून देते, म्हंजे तुला परत इसरता येणार न्हाई. तुझ्या बापाच्या आधी मला लेक झालती, भिवरा. माझी सासू म्हणायची, मोहरीएवढी अफू जिभंवर ठेवली की लेकरू गप निजतंय, बाईला मेंढरामागं जाता येतंय. समद्याच करायच्या तवा. त्या दिवशी मेंढरं कातरायची हुती, लोक लई, काम लई. सासूनं मोहरीएवढी घातली का ज्वारीएवढी, देव जाणं. सांजच्याला दुधानं छाती दाटून आली म्हणून मी पाळण्यात हात घातला. लेकरू गार. घोंगडीवर निजलेलं, गार.

सासू म्हणली, देवानं दिलं, देवानं नेलं. देवानं न्हाई नेलं, बबे. मी त्या बाईच्या हातचं पाणी परत प्याले न्हाई. ती मरताना तिनं मागितलं, तवा दिलं मात्र.

आणि आज माझी नात, जिला मी कडेवर घेऊन शाळंत सोडली, जिच्यापायी तुझ्या बापानं निम्मा कळप कमी केला, ती दवाखान्यात बायांच्या पाठीत अफू घालती! आणि मला कुत्र्याची गोष्ट सांगती! मी येडी, मी ती गोष्ट समद्या आळीला सांगितली. नाथाला सांगितली. त्यानं छबुबाईला ऐकवली. तिनं माझ्या तोंडावर फेकली ती आता, वऱ्हांड्यात फेकल्यावानी.

माझी पणती ते दूध पितीया. रात्री ती झोपती का, का तिला झोपवलीया?

बारशाला येऊ नको. नाव मीच ठेवीन, घोंगडीबिगर, आत्याबिगर.

साखराबाई


वसतिगृह,
२२ डिसेंबर

आज्जे,

तू खाली "तुझी आज्जी" लिहिलं नाहीस. मी पत्र दोनदा उलटून पाहिलं.

नाव लपवलं, हे खरं. भिवराआत्यामुळंच लपवलं. वाटलं, आज्जीला एवढं कळलं की पुरे, जुनं दुखणं कशाला उकरायचं. माझी चूक झाली. तू म्हातारी आहेस, लहान मूल नाहीस, आणि तुझ्यापासून शब्द लपवायचा मला हक्क नव्हता. तुझा राग मी घेतला.

आता माझा घे.

शिकायला लागले तेव्हा एका लहानशा दवाखान्यात नुसती बघायला उभी होते. सिझर चाललं होतं. बाळ निघालं, टाके राहिले, आणि सुईचा असर उतरत आला. बाई म्हणाली, "कळतंय. मला कळतंय." टाके घालणारा म्हणाला, "थोडंच राहिलंय, सोस." तिनं ओठ असा चावला की रक्त आलं. मी तिचा हात धरून उभी होते, तिची नखं माझ्या मनगटात. बाहेर आल्यावर तो गृहस्थ हात पुसत म्हणाला, "ह्या बायांना सवय असते."

सवय असते! ऊस तोडायची सवय, मेंढरामागं चालायची सवय, म्हणून पोट शिवतानाही सवय? आज्जे, मी त्या दिवशी भूल द्यायचं शिकायचं ठरवलं. तुला आजपर्यंत सांगितलं नव्हतं. तू विचारायचीस, हाडांचं नाही, डोळ्यांचं नाही, झोपवायचं कसलं शिकतेस? हे शिकते.

हो, ते औषध अफूच्या जातीचं आहे. ऋतुजाला दिलं ते मिठाच्या दोन-तीन कणांएवढं. कण्याजवळ दिलं की एवढंसं पुरतं. दुधातून लेकराला बाधावं इतकं त्यात काही नसतं. जास्त झालं तर ते श्वास मंद करतं, हेही खरं, तुझ्यापासून आता काही लपवत नाही. म्हणूनच ती नर्स येऊन श्वास मोजत होती, जिला तू नावं ठेवलीस. तुझ्या सासूनं दोन गोष्टी केल्या नाहीत. मापलं नाही, आणि दिल्यावर लेकराजवळ कुणी बसलं नाही. माझं सगळं शिक्षण ह्या दोन गोष्टींचं आहे, आज्जे. मापायचं आणि बसून राहायचं.

भिवराआत्याजवळ कुणी बसलं असतं तर ती आज माझ्या आधी ह्या पोरीचं नाव ठेवायला आली असती.

आणखी एक. सत्यशीला मॅडमचा परत फोन आला. त्यांना आठवलं. दाराशी एक तरणा माणूस होता, हातात चहाची किटली. त्याला त्यांनी सगळं समजावून सांगितलं, औषध कशाच्या जातीचं तेसुद्धा. तो मान हलवत होता.

आपल्यात भांडण लागलं की चहा आणायला कोण जातं, हे मी तुला सांगायला नको.

बारशाला बोलाव किंवा नको बोलावू. मी मात्र खाली लिहिते,

तुझी,
बबिता


कपिलधारजवळून,
२७ डिसेंबर

आज्जी,

मी ऋतुजा. नाथाभाऊ थांबलेत, म्हणून घाईत लिहिते. लेकरू मांडीवर आहे, अक्षर हलतंय.

तुम्ही मायला लिहिलं, मायनं तुम्हाला लिहिलं, बबिताताईंनी तुम्हाला लिहिलं. मला कुणी विचारलंच नाही. खाज मला सुटली होती, भांडण तुम्हाला.

तर ऐका. खाज लई सुटली, नाक लाल झालं. पण दुखलं नाही. माझ्या शेजारच्या खाटेवर एक बाई होती, तिचंही सिझर. तिला ते औषध चालणार नव्हतं म्हणे, म्हणून नुसती बधिर करायची सुई दिली होती. संध्याकाळपर्यंत तिचे हाल बघवेनात. तिचं लेकरू तिच्या सासूच्या हातात रडत होतं, ती हात पुढं करायची आणि कळ येऊन परत मागं घ्यायची. माझी पोरगी माझ्या मांडीवर होती. एका हातानं नाक खाजवलं, एका हातानं तिला धरलं, आणि पाजलं. पहिल्या दिवशी. मला ते कुणी परत विचारलं तर मी नाक खाजवायला तयार आहे.

पोरगी झोपत नाही, आज्जी. तुम्हाला ती काळजी आहे असं नाथाभाऊ म्हणाले. पहाटेपर्यंत टकटक बघते आणि मग सगळ्या घराला उठवते. कुणी तिला झोपवलेलं नाही.

घोंगडी जाळलेली नाही. मायनं ती पिसवा मराव्यात म्हणून मोठ्या पातेल्यात सोडा टाकून उकळली. मग काय झालं ते तीच दाखवील. लाजेपायी जाळली म्हणाली. मी सांगितलं असं म्हणू नका.

जीवनना काही बोलू नका असं म्हणणार होते. पण बोला. मीही बोलले.

मला घरी यायचंय.

ऋतुजा


उमापूर,
सोमवार, ६ जानेवारी २०२५

बबे,

आधी तुझ्या भावाचं सांगते. त्याला म्या वाड्यात मेंढरांपुढं उभा केला. म्हणलं, "किटली घेऊन दाराशी कोण हुतं?" आधी म्हणला, कसली किटली. मंग रडकुंडीला आला. म्हणला, "डॉक्टरीण म्हणली खाज सुटंल, भिऊ नका, औषध अफूच्या जातीचं हाय. मी अफू ऐकलं आणि पुढचं काय ऐकू आलं न्हाई. भिवराआत्या आठवली. तुला सांगितलं आसतं तर तू दवाखाना पेटवला आसता."

म्हणलं, "आसताच! मंग? तुझ्या बायकूला खाज सुटली, तुझ्या सासूनं तुझ्या आज्जीची घोंगडी फेकली, दोन घरं तुटली, आणि तू तोंडात मिठाची गुळणी धरून बसला? एवढा बाप्या, दोन म्हाताऱ्यांना भ्याला?"

तर काय म्हणतो, "दोघींना न्हाई. तुला भ्यालो."

मला त्याचा लई राग आला, बबे. आणि राग येता येता मध्येच बसकण मारली मी. माझ्या रागाला भिऊन त्यो गप. माझ्या दुखण्याला भिऊन तू गप. खरं बोलायचं झालं की ह्या घरात समदे चहा आणायला जातेत. ह्याचा बी मला रागच आला, पर कुणावर काढू ते कळंना, म्हणून परत जीवनवर काढला.

तसाच त्याला जीपमध्ये घातला आणि छबुबाईच्या दारात नेला. मी आत गेले न्हाई, ओट्यावर उभी ऱ्हायले. छबुबाई आली. बोलायचं न्हाई म्हणून तिची शपथ, लिहायला कागद न्हाई. दोघी एकमेकींकडं बघत उभ्या. शेवटी नाथाच म्हणला, "मावशे, जीप दुपारी परत न्यायचीय."

म्या जीवनला पुढं ढकलला. म्हणलं, "सांग." त्यानं सांगितलं. छबुबाईनं ऐकून घेतलं आणि त्याला असं काय काय बोलली की माझी निम्मी मेहनत वाचली. शपथ जावयाला लागू नव्हती ना. बोलून बोलून दमली तवा माझ्याकडं वळून म्हणली, "बसा की आता. उभ्या कावून?" म्या म्हणलं, "जिभंला किडे पडतील." म्हणली, "पडू द्या."

मंग म्या इचारलं, "घोंगडीची राख तरी दाखवा." आत गेली. कपाटातनं काय तरी आणून माझ्या मांडीवर ठेवलं.

बबे, माझी घोंगडी! आख्खा माणूस निजंल एवढी हुती, ती आटून निम्मी बी ऱ्हायली नव्हती. जाड, थापल्यावानी घट्ट. सिदूचा काठ कुठला, माझं सूत कुठलं, समदं एकात एक. मला रडू आलं आणि राग आला, दोन्ही एका टायमाला. म्हणलं, "बाई, लोकरीला उकळतं पाणी घालतं का कुणी? तुमचा बाप मेंढरं इकून गेला आणि अक्कल बी त्याच्यासंगं दिली का?" तर खाली मान घालून म्हणली, "पिसवा मराव्या म्हणून." म्हणलं, "मेल्या का?" म्हणली, "एक बी निघाली न्हाई." आतनं ऋतुजाला हसू फुटलं. टाके दुखतेत म्हणून पोट धरून हसत हुती.

मी हसले न्हाई. मी रागातच हुते. तशीच उठले, आत गेले, पाळण्यातली गोधडी काढली आणि ते जाडं अंथरलं. ह्या काठापासनं त्या काठापर्यंत बसलं, बोटभर इकडं न्हाई की तिकडं न्हाई. छबुबाई म्हणली, "मापून केल्यावानी." म्हणलं, "गप बसा."

मंग पोरीला घोंगडीवर निजवली. न्हाई, निजली कसली, टक्क जागी. माझ्याकडं बघून असं रडली की गावाबाहेर ऐकू गेलं. मी तिच्यावर हात ठेवला. गरम हुती. लई येळ हात काढलाच न्हाई. छबुबाईनं पाळण्याची दोरी धरून ठेवली. तिला नाथानं सांगितलं आसंल भिवराचं. नाथाच्या पोटात काय ऱ्हात न्हाई, आणि एकदा तरी ते कामाला आलं.

बारसं पुढच्या रविवारी, आपल्या उंबऱ्यात. छबुबाई येणार हाय, पुरणाचं पातेलं घेऊन. त्याच पातेल्यात घोंगडी उकळली हुती का, ते म्या इचारून घेतलंय. न्हाई म्हणती.

तू ये. सुट्टी देत नसतील तर भांडून घे, भांडायचं रगत हाय तुझ्यात.

पर माझी एक अट हाय, ती मोडली तर पाळण्याला हात लावू देणार न्हाई. अफूवरचा माझा राग गेलेला न्हाई, जाणार बी न्हाई. पर सोस म्हणणाऱ्यावरचा राग त्याच्यापरीस मोठा हाय, हे तुझ्या पत्रानं कळलं. आणि त्याच्याहून मोठा राग ह्या गप बसण्याचा हाय. बारशाला आळीतल्या समद्या बाया येणार, त्यातल्या किती तरी अजून बाळंत व्हायच्या हायत. तू पाळण्याजवळ उभी ऱ्हा. सुईत काय घालतेत, ते कशाचं आसतं, त्यानं काय थांबतं, काय खाजतं, कुणी श्वास मोजत बसायचं, समदं सांग. कुत्र्याची गोष्ट सांग, ती चांगली हाय, पर अफू बी म्हण. मी समोर बसलेली आसीन. माझ्याकडं बघून म्हण.

औषधाचं नाव आधी, मोठ्यानं. पोरीचं नाव मंग, तिच्या कानात.

तुझी आज्जी